घशाची फेरपरीक्षा

९ सप्टेंबर

काल मोंती फेस्ताची, म्हणजे मारियामातेच्या जन्मदिवसाची, मिस्सा. बायबलचं पहिलं वाचन माझं. बत्तीस वर्षं माझंच आहे. दुसऱ्याच ओळीत आवाज अडकला. कुणीतरी आतून मूठ आवळावी तसा. सुटला, परत आवळला. अकरा ओळींत नऊ वेळा. समोर मुलं फुलांच्या परड्या घेऊन बसली होती, त्यांतलं एक कार्टं खुदकन हसलं. त्याचं आडनाव मला माहीत आहे.

मिस्सा संपल्यावर फादर म्हणाले, मिस साल्दान्हा, आज तुम्ही फारच गहिवरलात, आम्हालाही भरून आलं. मी खुलासा केला नाही. गहिवरण्यात काही गैर नाही.

कारण: सकाळची ओल. आणि तो मायक्रोफोन. आधी कोण त्यात शिंकलं असेल देव जाणे.

१० सप्टेंबर

मिरीचा काढा. मौन पाळायचं ठरवलं होतं, पण दूधवाल्याने पाणी घातलेलं दूध दिलं, त्यामुळे सकाळी साडेसहालाच मोडलं.

माझी बहीण जेसिंता म्हणते डॉक्टरला दाखव, चार महिने झाले. खोटं. तीन झाले. मग म्हणाली, ऑस्वल्डचंसुद्धा आधी असंच, आणि तोंडावर हात ठेवला. मी म्हटलं, तुझा भात करपतोय. करपत नव्हता.

ऑस्वल्डचा ह्याच्याशी काही संबंध नाही. आमच्या भावाचं आधी बोलणं अडखळलं, मग गिळणं, मग हात. चौदा महिने. शेवटी मी चमच्याने पेज भरवायचे आणि अर्धी हनुवटीवरून पुसून घ्यायचे. ते अगदी वेगळं होतं. तो पुरुष होता आणि सिगरेट ओढायचा.

११ सप्टेंबर

पेज गिळून पाहिली. गेली.

१२ सप्टेंबर

पुन्हा पाहिली. गेली. हे मी घाबरून करत नाही. पेज मला आवडते.

२४ सप्टेंबर

गेले डॉक्टरकडे. जेसिंताची कटकट थांबावी म्हणून. हा कान-नाक-घशाचा डॉक्टर पोरसवदा आहे, नाकातून नळी घालताना स्वतःच डोळे मिटतो. म्हणाला, आँटी, तुमचे स्वरतंतू स्वच्छ आहेत, गाठ नाही, सूज नाही, काही नाही. मी उठलेच होते. म्हणाला, बसा. असा आवाज दोन आजारांत येतो. एक, टेन्शनमुळे घसा आवळून बोलायची सवय लागते. ती व्यायामाने सुटते. दुसरा, मेंदूच घशाच्या स्नायूंना चुकीचा हुकूम देतो. तो व्यायामाने सुटत नाही. कानाला दोन्ही सारखेच वाटतात, मला स्वतःलासुद्धा कळत नाही. व्हॉइस लॅबमध्ये आवाज रेकॉर्ड करून त्याचा आलेख काढतात, त्यावरून कळतं.

टेन्शन? मी म्हटलं, डॉक्टर, मला नवरा नाही, मुलं नाहीत, पेन्शन आहे. टेन्शन मी इतरांना देते.

दुपारी

विचार केला. मेंदू म्हणाला तो. ऑस्वल्डच्या डॉक्टरनेही हाच शब्द पहिल्यांदा असाच सहज उच्चारला होता, पेन खिशाला लावता लावता.

संध्याकाळी

मला टेन्शन आहे. पुष्कळ आहे. आधी लक्षात आलं नव्हतं इतकंच. जेसिंता. शेजारच्या लोबोंचा कोंबडा. महापालिका. रेनिटाचं लग्न, म्हणजे जेसिंताच्या मुलीचं, डिसेंबरात आहे आणि अजून हॉल ठरत नाही. एवढ्यात कुणाचाही घसा आवळेल.

३ ऑक्टोबर

व्हॉइस लॅब म्हणजे भिंतींना स्पंज लावलेली एक कपाटाएवढी खोली. आत एक मुलगी, वाचातज्ज्ञ, सुप्रीता रै. मला पाहून ताडकन उभी राहिली. गुड मॉर्निंग, टीचर. आमच्याच शाळेची निघाली. म्हणाली, तुम्ही मला सातवी बीमध्ये तोतरी मैना म्हणाला होतात, टीचर, मी तेव्हाच ठरवलं हेच शिकायचं. मला आठवत नाही. म्हटलं असेन तर काही कारण असणार. आणि बघ, उपयोगच झाला.

आधी एक लांब 'आऽऽ' म्हणायचा, जमेल तितका. मग दोन वाक्यं. पहिलं: बाई आंबा, लिंबू, गूळ घेऊन निघाली. दुसरं: पोपट टोपी फेकतो. छत्तीस वर्षं मी मुलींकडून उत्तम कविता पाठ करून घेतल्या, आणि आता हे. मी विचारलं, टोपी का फेकतो? सुप्रीता म्हणाली, टीचर, अर्थ नका बघू, फक्त वाचा.

'आऽऽ' खडबडीत आला. बाई आंब्यावरच अडली. पोपट त्या मानाने बरा.

पडद्यावर आवाजाचं चित्र उमटतं, करवतीच्या दातांसारखं. कुठे दात पडलेले. सुप्रीताने खूप वेळ पाहिलं. म्हणाली, आज तुम्हाला सर्दी आहे, नक्की सांगता येत नाही, तीन आठवड्यांनी परत घेऊ. मी विचारलं, तोवर काय तयारी करू? म्हणाली, काहीच तयारी करायची नाही, टीचर, अगदी नेहमीसारख्या या.

मी बारा वर्षं मुख्याध्यापिका होते. काही तयारी करू नका असं मीही इन्स्पेक्शनच्या आधी मुलींना सांगायचे.

५ ऑक्टोबर

वेळापत्रक केलं. सकाळी सहा ते साडेसहा 'आऽऽ'. दहा वाजता बाई. चार वाजता पोपट. विहिरीजवळ उभं राहून, कारण तिथे आवाज घुमतो. अभ्यासाने आवाज सुधारला म्हणजे सवयच होती हे सिद्ध होईल. सोपं आहे.

८ ऑक्टोबर

'आऽऽ' सात सेकंद.

११ ऑक्टोबर

लोबोंच्या सूनबाईने कुंपणावरून विचारलं, आँटी, दात दुखतोय का? जेसिंताने परस्पर हो म्हणून सांगितलं.

१५ ऑक्टोबर

'आऽऽ' बारा सेकंद, एकही खरखर नाही. सिस्टर बेनेदिक्ताने कॉयरमध्ये शिकवलेला श्वास अजून पोटात शिल्लक आहे. बाई मात्र आंब्यावर अडतेच. तिच्याकडे नंतर पाहू. दोन पेपर उत्तम गेले की तिसरा निभावून जातो.

संध्याकाळची जपमाळ आजपासून जेसिंताने सांगायची. तिलाही संधी मिळायला हवी.

२४ ऑक्टोबर

दुसरी परीक्षा. 'आऽऽ' चौदा सेकंद, काचेसारखा. पोपटाने टोपी झोकात फेकली. बाई चार ठिकाणी अडली, पण मी चेहरा प्रसन्न ठेवला. त्याचेही गुण असतात.

सुप्रीता पडद्यावर बोट ठेवून इकडून तिकडे बघत राहिली. मी म्हटलं, पास ना? तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. खुर्ची वळवून बोलणारी माणसं मला आवडत नाहीत.

म्हणाली, टीचर, ह्यात पास-नापास नसतं. घसा आवळायची नुसती सवय असेल, तर तो सगळीकडे सारखाच आवळतो. 'आऽऽ' वाईट, पोपट वाईट, बाई वाईट. मेंदूचा हुकूम चुकत असेल, तर मात्र फरक पडतो. लांब 'आऽऽ' बरा निघतो. पोपटाच्या वाक्यात घशाला प्रत्येक अक्षरानंतर विसावा मिळतो, ते निघून जातं. बाईच्या वाक्यात घसा सारखा चालू ठेवावा लागतो, तिथे तुटतं. आम्ही तो फरकच मोजतो. तुमचा फरक मागच्यापेक्षा वाढलाय.

म्हणजे मी तीन आठवडे विहिरीपाशी उभं राहून तो फरक वाढवला.

तिने विचारलं, टीचर, तुम्ही प्रॅक्टिस केलीत का? मी म्हटलं, छे.

आणखी काही विचारायचंय का, असंही विचारलं. एक गोष्ट विचारायची होती. मी म्हटलं, पंखा जरा कमी कर.

२५ ऑक्टोबर

पेज गेली. उजवा हात डोक्यावर गेला. डावाही. सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवला. दुसऱ्यांदा नाही, पण तेव्हा जेसिंता बघत होती.

२ नोव्हेंबर

सर्व मृतांचा दिवस. कबरस्थानात गेलो. जेसिंताने मेणबत्त्या लावल्या. मी ऑस्वल्डच्या दगडावरची शेवाळं खरवडत बसले, म्हणजे वर बघायला नको. त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे. ती पूर्वीपासून रिकामी आहे, त्यात नवीन काही नाही.

४ नोव्हेंबर

काल पहाटे उठून शांत डोक्याने विचार केला. चूक माझी नाही. ज्या परीक्षेत कमी गुण मिळवणारा वाचतो, तिथे तसं आधी सांगायला हवं होतं. आता नियम कळला. फेरपरीक्षा मागायची. त्या दिवशी मला ताप होता असं कळवायचं. आणि मग सगळंच सारखं वाईट म्हणायचं. 'आऽऽ'सुद्धा.

हे खोटं बोलणं नव्हे. मला सवयीचा आजार आहे, फक्त माझा आवाज तो नीट दाखवत नाही. मी त्याला मदत करणार.

९ नोव्हेंबर

वाईट 'आऽऽ' म्हणणं अवघड आहे. एक-दोन-आऽ-थांब, एक-दोन-आऽ-थांब. ताल धरला की जमतं. जेसिंता दारात येऊन उभी राहिली. क्लोटी, तू मुद्दाम करतेयस? मी म्हटलं, जा, तुझे सान्ने जळतील. म्हणाली, सान्ने वाफेवर असतात, ते जळत नाहीत, आणि माझ्याशी असं बोलू नकोस, मलाही भीती वाटते. 'मलाही' म्हणाली. कुणाबरोबर 'ही', कोण जाणे.

१४ नोव्हेंबर

कसं लिहू.

'आऽऽ' ठरल्याप्रमाणे वाईट म्हटला. पोपटाला तर पंखच छाटले. सुप्रीताने ऐकलं, चित्र पाहिलं. मग पडदा माझ्याकडे वळवला. माझा 'आऽऽ' तुटला होता खरा, पण प्रत्येक तुकडा अगदी एकाच मापाचा. परकराच्या काठाला टीप मारावी तसा. शेजारी तिने ऑक्टोबरातली बाई ठेवली. तिथे तुकडे वेडेवाकडे, कुठे कसे ते देवालाही ठाऊक नसेल.

म्हणाली, टीचर, घसा आपणहून अडकतो तेव्हा ताल धरत नाही.

मग खाली बघून: ही कॉपी आहे, टीचर.

छत्तीस वर्षांत मी एकशे चौदा मुलींना कॉपी करताना पकडलं. एकीलाही खाली बघून सांगितलं नाही. सगळ्या वर्गासमोर उभं केलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला. म्हणाली, आपण महिनाभर गळ्याला मालीश आणि व्यायाम करून बघू. सवय असेल तर सुटेल. तेही एक उत्तरच असतं. मी मान हलवली. आणखी काही विचारायचंय का, टीचर? दर वेळी विचारते. मी म्हटलं, नाही.

२० नोव्हेंबर

व्यायाम: ओठ फुर्र करणे, दिवसातून पाच वेळा. घोड्यासारखं दिसतं. माणसांत जाऊन करण्यासारखा नाही, आणि घरात जेसिंता असते. उद्यापासून.

२७ नोव्हेंबर

हवा दमट आहे. व्यायाम उद्यापासून.

३ डिसेंबर

आजपासून खरोखर. पाच वेळा केला. बाई आंब्यापर्यंतसुद्धा पोचली नाही.

११ डिसेंबर

रोज करतेय. एकदाही चुकवला नाही. सुधारणा आहे, फक्त ऐकू येत नाही.

१५ डिसेंबर

जेसिंता बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, रोसला ओव्या सेव्हरीनबाईला सांगायला सांगू का? मी विचारलं, का? मी मेले का? बटाटा तिच्या हातातून सुटला.

ह्या घरात रोसला, म्हणजे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्याला किंवा नवरीला नारळाचं दूध चोळतात तेव्हा, ओव्या मीच सांगते. जेसिंताच्या रोसला मी सांगितल्या. ऑस्वल्डच्याही. सेव्हरीनबाई तिसऱ्या ओवीनंतर शब्द स्वतः बनवते, आणि यमक जुळलं नाही तर खोकते.

मग रेनिटा आली. माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली, मावशी, आवाज नसला तरी चालेल, तू नुसती पुढे बस. नुसती बस! मूर्ती आहे का मी? रेनिटा म्हणाली, मूर्ती गप्प असते गं. आणि दोघी हसल्या. मीही हसले. हसताना आवाज छान निघाला, हे नमूद करून ठेवते.

२२ डिसेंबर

सुप्रीताने महिन्याचं रेकॉर्डिंग घेतलं. चित्र जसंच्या तसं. म्हणाली, दोन जानेवारीला डॉक्टरांबरोबर बसून बोलू. मला माहीत आहे बसून बोलणं म्हणजे काय. ऑस्वल्डलाही बसवलं होतं. तेव्हा तो स्वतःच्या पायांनी चालत आत गेला होता.

२५ डिसेंबर

नाताळ. मिस्सेला मागच्या बाकावर बसले. वाचन दुसऱ्या कुणी केलं. स्वल्पविरामांची कत्तल.

२८ डिसेंबर

रोस. साडेपाचला मांडवात गेले. दीडशे माणसं. रेनिटा पाटावर, जुनी साडी नेसलेली, हसत. जेसिंताने सेव्हरीनबाईला माझ्या मागेच बसवून ठेवलं होतं, मला कळणार नाही अशा बेताने. मी ठरवलं, पहिल्याच शब्दाला अडलं तर खोकायचं आणि उठून मोरीकडे जायचं.

खुर्साची, म्हणजे क्रुसाची, ओवी सुरू केली.

आवाज आला. सगळा. अखंड. जसा वीस वर्षांपूर्वी यायचा तसा, पोटातून थेट. मी ओळ सोडावी, बायांनी शेवटची ओळ उचलावी. आईबापांची ओवी, करवल्यांची, नारळाची, दुधाची. बाया रडायला लागल्या. सेव्हरीनबाईलाही रडावं लागलं. तेवीस ओव्या, आणि एकदाही मूठ आवळली नाही.

जेसिंता दुधाच्या हातांनीच येऊन मला बिलगली. क्लोटी, बरं झालं गं तुझं, बरं झालं! माझा रेशमी ब्लाउज वाया गेला. जाऊ दे.

मी बरी झाले. मेंदू बिघडलेल्या माणसाला तेवीस ओव्या म्हणता येतात का? ओठ फुर्र करण्याचा व्यायाम लागू पडला. मशीन चुकलं. लॅब चुकली. त्या डॉक्टरला तर नळीही धरता येत नाही.

ह्या वहीत मी उगाच काय काय लिहिलं. फाडून टाकावी.

३० डिसेंबर

कालचं लग्न छान पार पडलं. बोलताना आवाज थोडा अडकतो, पण तो काल डुकराच्या बाफतात मिरची जास्त होती म्हणून.

तक्रारीचं पत्र तयार केलं, साडेतीन पानं. सुप्रीतावर नाही. तिला मी माफ केलं. मशीनवर.

२ जानेवारी

पत्र घेऊन गेले. वाचून दाखवणार होते. 'महोदय'वर अडकले. मग सुप्रीताच्या हातात दिलं. तिने साडेतीन पानं वाचली, ओव्यांचा परिच्छेद दोनदा वाचला. हसली नाही. उलट डोळे जरा भरून आले तिचे.

म्हणाली, टीचर, एक ओवी इथे म्हणा. म्हटली. अखंड. आता तेच शब्द बोलून दाखवा. बोलले. सात ठिकाणी तुटलं. दोन्ही चित्रं तिने एकाखाली एक ठेवली. वरचं रेशमासारखं, खालचं उंदराने कुरतडल्यासारखं.

मग तिला काही सांगावं लागलं नाही. मी शिक्षिका आहे, फळ्यावर दिसलं की कळतं. सवयीचा घसा गातानाही आवळला असता.

ती म्हणाली, आता खात्री झाली. दुसराच आजार आहे, मेंदूच्या हुकमाचा. गाण्याला मेंदू वेगळ्या वाटेने हुकूम देतो, म्हणून ते वाचतं. दर तीन-चार महिन्यांनी मानेतून घशात एक इंजेक्शन घ्यायचं, बराच फरक पडतो. डॉक्टर आता येतील. टीचर, काही विचारायचंय?

विचारायचं होतं. तोंड उघडलं. मूठ आवळली. पुन्हा उघडलं. नाहीच. तिने कागद पुढे केला, पण हा प्रश्न माझ्या अक्षरात लॅबच्या फायलीत राहायला नको होता. मग ती हळूच म्हणाली, गाऊन विचारा.

आणि मी, क्लॉटिल्डा साल्दान्हा, निवृत्त मुख्याध्यापिका, स्पंज लावलेल्या खोलीत रोसच्या चालीवर गायले:

सांग गे सुप्रीता बाय,
गळ्याचं ह्या होईल काय,
ऑस्वल्डाच्या वाटेवर
पडला का माझा पाय?

दार नीट लागलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर आपल्याच लोकांपैकी कुणी म्हातारी असावी. तिने सवयीने शेवटची ओळ उचलली. पडला का माझा पाय. चांगली मोठ्याने.

सुप्रीताने ऑस्वल्ड कोण ते विचारलं. मी तेही गायले, यमकाशिवाय. बोलणं, गिळणं, हात, चौदा महिने.

ती म्हणाली, नाही, टीचर. तो आजार वेगळा, त्यात स्नायूच मरत जातात. तुमचा घशातच राहतो. त्रास देतो, पण जीव घेत नाही. तुम्ही म्हाताऱ्या होईपर्यंत मला ओरडू शकाल, इंजेक्शन घेऊन. मग म्हणाली, सप्टेंबरपासून हे मनात घेऊन बसला होतात? मी दर वेळी विचारत होते ना. एवढं घाबरायचं असतं का?

मी म्हणणार होते की मी घाबरले नव्हते. हे काही गाऊन सांगायचं वाक्य नव्हे, म्हणून सरळ बोलायला घेतलं. 'मी घा' एवढंच निघालं. ती थांबली, बाहेरची म्हातारीही थांबली असावी. मी पुढचं सोडून दिलं.